'मिशन इम्पॉसिबल'चं टायटल: चार मोजाल तर चुकाल

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली कितीतरी जणांची एकच फर्माईश होती: "दादा, ती जळणारी वात कशी करायची?" सांगतो, पण ते पटकन उरकू. काळ्या पार्श्वभूमीवर शूट केलेल्या ठिणग्या घ्या, ब्लेंड मोड, म्हणजे एक थर दुसऱ्यात मिसळायची पद्धत, 'स्क्रीन' करा, काळं गायब. वातीच्या रेषेला मास्क, म्हणजे ठराविक भाग झाकणारा आकार, लावा आणि तो ठिणगीबरोबर सरकवा. वर जरासा ग्लो. झालं!

खरी गोम आहे मोजण्यात. तुम्ही पाठवलेली टायटलं मी बघतो. ठिणग्या झकास असतात आणि कट चुकलेले, कारण धुनीचे ठोके सगळे चार मोजतात.

१९६६ साली ही मालिका टीव्हीवर आली, तेव्हा लालो शिफ्रिन यांनी धून पाच ठोक्यांत बांधली. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की दहा. ते दहा असे पडतात: तीन, तीन, दोन, दोन. (टेबलावर थाप) धाऽऽ, धाऽऽ, धाऽ, धाऽ. परत ऐका. लांब, लांब, आखूड, आखूड. मोर्स कोडमध्ये दोन डॅश म्हणजे 'एम' आणि दोन डॉट म्हणजे 'आय'. मालिकेची आद्याक्षरंच वाजतायत!

आता तबलेवाले म्हणणार, "अहो, हा तर झपताल!" मात्रा दहाच, कबूल. पण झपतालाचे विभाग दोन, तीन, दोन, तीन. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. इथे दोन्ही तीन आधी येतात आणि दोन्ही दोन नंतर. त्यामुळे आवर्तन संपता संपता पावलं जवळजवळ पडायला लागतात आणि आपण समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, ढकलले जातो. पडद्यावर वात मात्र आपल्या एकाच चालीनं जळत असते. तिला घाई नाही, तालाला आहे. छातीत धडधडतं ते या ओढाताणीमुळे, ठिणग्यांमुळे नाही.

शिकत असताना एका शॉर्ट फिल्मच्या टायटलवर मी रात्रभर बसलो होतो. सकाळी तबल्याच्या सरांना दाखवलं. ते डोळे मिटून, मांडीवर बोटं टेकवत ऐकत राहिले. मधेच डोळे उघडून पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "सम कुठंय तुझी?" मी सगळे कट काढून टाकले आणि आधी टाळी देत ती धून ऐकली, हात आपोआप पडेपर्यंत. आजही मी तसंच करतो.

एका मित्रानं कमेंटमध्ये लिहिलंय, "मी मोजलं, चारच येतात." मित्रा, तू बहुतेक १९९६ चं ते डान्सवालं गाणं ऐकलंस, 'यू टू' बँडच्या अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी मुलन यांचं. त्यांनी धून चारात आणली. त्याच वर्षीच्या 'मिशन इम्पॉसिबल' सिनेमाच्या टायटलला डॅनी एल्फमन यांनी पाचच ठेवलेत. तिथे वात जळते आणि मध्ये पुढच्या प्रसंगांच्या झलका चमकून जातात. मूळ मालिकेतही त्या दिवसाच्या भागाच्या झलका अशाच यायच्या. ते टायटल लावून टाळी द्या.

आता टाइमलाइनवर या. सेकंदाला २४ फ्रेम आणि टेम्पो १४४, म्हणजे मिनिटाला १४४ ठोके धरा; मग एक ठोका १० फ्रेमचा आणि अर्धा ५ चा. तीन अर्धे १५, दोन अर्धे १०. म्हणून १५, १५, १०, १०. त्या मित्रानं फाइल पाठवलीय, त्यात कट आहेत २०, ४०, ६०, ८० वर. ४० आणि ८० चे नेमके आघातावर पडतात, म्हणून त्याला वाटलं जमलं. २० आणि ६० चे मात्र हवेत आहेत, तिथे संगीतात आघातच नाही.

तर मित्रा, पहिला कट शून्यावर राहू दे. २० वरचा पाच फ्रेम मागे ओढ. ३० वर एक नवा टाक. ४० ला हात लावू नकोस. आणि ५० वर सम, तिथे वात दाखव.