पऱ्हाटीतला ऑक्सिजन

(दृश्य: काटोल रस्ता, फेब्रुवारीची दुपार)

कापसाची उलंगवाडी झाली. काटोल-कळमेश्वरकडच्या वावरांत उरली ती नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळल्या काड्या. थोडी चुलीत जाईल, बरीचशी धुऱ्यावर पेटेल. ठेवताही येत नाही, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम ठोकते.

या काडीत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. कार्बन भरपूर, पण वजनाच्या 40 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजनही. खनिज तेलात तो नावापुरता. तेलापासून रसायनं करताना पुष्कळदा ऑक्सिजन घालावा लागतो, इथे तो काढायचा. सगळी मेख यात आहे.

इथिलीनचंच बघा, प्लास्टिकचा पाया. सेल्युलोज फोडून मिळणारं 180 ग्रॅम ग्लुकोज आंबवलं, तर फार तर 92 ग्रॅम इथेनॉल मिळतं. बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन उडतं. इथेनॉलची वाफ तापलेल्या ॲल्युमिनावरून नेली की हा उत्प्रेरक तिच्यातलं पाणी काढतो. हाती 56 ग्रॅम इथिलीन, तेही कागदावर. मार्ग चालतो, नाही असं नाही: उत्तराखंडात काशीपूरला मळीच्या इथेनॉलपासून इथिलीनमार्गे ग्लायकोल हे रसायन बनतं.

पण पऱ्हाटीसाठी आम्हाला फरफ्युरल हे पाच कार्बनचं रसायन जास्त पटतं. हेमिसेल्युलोजमधून झायलोज ही साखर सुटते. आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरून, दाबाखालच्या वाफेत तापवलं की तिच्यातून पाण्याचे तीन रेणू निघतात आणि फरफ्युरल उरतं. पाचही कार्बन जागेवर! 150 ग्रॅम झायलोजचं हिशेबाने 96 ग्रॅम फरफ्युरल. प्रत्यक्षात बरंच कमी, कारण फरफ्युरल आम्लात रेंगाळलं की त्याची काळी राळ होते. म्हणून तयार होताच ते वाफेबरोबर बाहेर ओढतात. अमेरिकेत 1922 च्या सुमारास ओटच्या टरफलांपासून हा धंदा उभा राहिला. पुढे तांब्याच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की फरफ्युरिल अल्कोहोल, आणि त्याच्या रेझिनने ओतकामाच्या साच्यांतली वाळू घट्ट बसते.

(दृश्य: लक्ष्मीनारायण संस्था, अमरावती मार्ग)

रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली उभ्या राहिलेल्या या संस्थेमुळे रासायनिक तंत्रज्ञान जाणणारी माणसं नागपूरला नवी नाहीत. अडतं ते वाहतुकीपाशी. मोकळी पऱ्हाटी भरली की ट्रक फुगतो, वजन मात्र भरत नाही. काडीचा भुगा गावातच व्हायला हवा, आणि कारखाना लहान, वावरांच्या जवळ. नाहीतर फरफ्युरलचा नफा डिझेल खाईल.