साडेसोळा फुटांची रेंज

(दृश्य : सकाळचे दादर. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून बाहेरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत फरशीवर पसरलेली मोजपट्टी.)

दहा मीटर म्हणजे जवळजवळ तेहेतीस फूट. एअर रायफलच्या स्पर्धेत नेमबाज आणि लक्ष्य यांच्यात एवढे अंतर असते, आणि दादरच्या या जुन्या इमारतीतील दोन खोल्यांच्या घरात ते कोणत्याही दिशेने मोजले तरी मिळत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून मधल्या दारातून खिडकीपर्यंत एकवीस फूट भरतात. उभे राहण्याची जागा आणि लक्ष्याचा स्टँड वजा केला की पाच मीटर उरतात, म्हणजे साडेसोळा फुटांना थोडे कमी. या घरातली अकरावीत शिकणारी मुलगी आठवड्यातून दोन दिवस वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर जाते आणि बाकीचे दिवस याच जागेत सराव करते.

वरळीची ही रेंज महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे. प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडलेल्या नेमबाज अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सच्या. त्या पिढीनेही घरी पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, न भरता सराव केला असणार, कारण नेमबाज ज्याला नुसते ‘ड्राय’ म्हणतात तो सराव या खेळाइतकाच जुना आहे. त्यात उणीव एकच असते. ट्रिगर दाबल्यावर कागदाला भोक पडत नाही, त्यामुळे त्या क्षणी नेम कुठे होता हे फक्त नेमबाजाच्या नजरेला ठाऊक असते, आणि दमलेली नजर स्वतःला पुष्कळ सवलत देते.

ही सवलत काढून घेणारे साधन आज या घरात बसवले जाणार आहे. रशियातील स्कॅट आणि फिनलंडमधील नॉपटेल या कंपन्यांची अशी साधने जगभरचे नेमबाज वापरतात. या घरात आलेल्या संचात बॅरलला, म्हणजे रायफलच्या नळीला, लावायचा, मुठीत मावेल एवढा एक कॅमेरा आहे. हाच त्याचा सेन्सर. समोरच्या कागदावरचे काळे वर्तुळ तो सतत पाहत राहतो, आणि बॅरल जशी हलते तशी त्या हालचालीची रेषा लॅपटॉपच्या पडद्यावर उमटत जाते. जुन्या संचांत लक्ष्याभोवती अवरक्त किरणांची चौकट लावावी लागत असे. आता साधा छापील कागद पुरतो, पण तो कागद बरोबर छापलेला असावा लागतो.

सर्वांत आधी रायफल. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावले आहे, बॅरल रिकामी असल्याची खात्री मुलीने आणि तिच्या वडिलांनी वेगवेगळी केली आहे, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला आहे. मुंबईत इमारतीला इमारत खेटून उभी असते. समोरच्या घरातल्या माणसाला रायफल दिसावी आणि त्याचा जीव घाबरावा, हे कोणत्याही नेमबाजाने होऊ देऊ नये. या कुटुंबाने शेजाऱ्यांना आणि वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवले आहे.

(दृश्य : टेबलावर छापील कागद. त्यावर व्हर्नियर कॅलिपर.)

एअर रायफलच्या लक्ष्यावरचे काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पाच मीटरवर ते डोळ्याला दहा मीटरइतकेच दिसायचे असेल तर त्याचा व्यास निम्मा, म्हणजे १५.२५ मिलिमीटर हवा. घरचा प्रिंटर कागदात बसवण्याच्या नादात चित्र बेमालूम आक्रसून टाकतो, म्हणून छापल्यावर मोजणे आवश्यक आहे. पहिला कागद १४.७ भरला आणि तो बाजूला ठेवला गेला.

उंचीचा हिशेब पुष्कळ जण करत नाहीत. रेंजवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच असतो. या मुलीची बॅरल उभ्या स्थितीत १.३० मीटरवर येते, म्हणजे दहा मीटरमध्ये तिचा नेम दहा सेंटिमीटर वर चढतो. पाच मीटरवर तो पाचच सेंटिमीटर चढला पाहिजे. म्हणून घरातल्या लक्ष्याचा मध्य १.३५ मीटरवर हवा. तो १.४० वर ठेवला तर तिला रोज थोडे जास्त मागे झुकून उभे राहण्याची सवय लागेल, आणि रेंजवर तीच सवय तिच्या अंगावर येईल.

“बाबा, अजून एक सेंटिमीटर खाली घ्या.”

“आता बघ, बाळा.”

कागदाच्या मागे पुठ्ठा चिकटवला आहे, कारण पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेने नुसता कागद दोन दिवसांत वळतो. पंखा बंद आहे. लक्ष्यावर एका बाजूने एलईडी दिव्याचा प्रकाश सोडला आहे, आणि खिडकीचा उजेड कागदाच्या मागून येणार नाही असा स्टँड फिरवला आहे. मागून उजेड आला की कॅमेऱ्याला काळ्या वर्तुळाची कड नीट दिसत नाही.

(दृश्य : सेन्सरचा क्लॅम्प आणि ॲलन की, अगदी जवळून.)

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक वेळ ज्याला द्यावा तो भाग हाच. सेन्सर क्लॅम्पने, म्हणजे पकडीने, बॅरलला पक्का बसला पाहिजे, आणि पक्का म्हणजे किती, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, क्लॅम्प पाच सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचे एक टोक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढे सरकले. तेवढ्याने दहा मीटरवरचा बिंदू वीस मिलिमीटर ढळतो. एअर रायफलमध्ये केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर १०.० गुण मिळतात आणि पुढच्या प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. म्हणजे एका पानाच्या जाडीने दहाचे तीन होतात. क्लॅम्प एकदम सरकला तर ते लगेच लक्षात येते. तो शॉटागणिक केसभर सरकत राहिला तर मात्र नेमबाज स्वतःच्या उभे राहण्यात दोष शोधू लागतो. मी स्वतः एके काळी दोन आठवडे याच समजुतीने पाय हलवत राहिलो होतो. दोष एका सैल स्क्रूचा होता, आणि बदललेली पावले पुन्हा जागेवर आणायला मला महिना लागला.

म्हणून मुलगी बॅरलवरचा तेलाचा हात कोरड्या कापडाने पुसून घेते, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळते आणि शेवटी पेन्सिलीने क्लॅम्पच्या कडेशी एक बारीक खूण करते. सराव संपल्यावर खूण जागेवर असेल तरच त्या दिवसाची नोंद ठेवायची, असे तिने ठरवले आहे. सेन्सरच्या वजनाने तोंडाशी भार वाढतो, म्हणून बॅरलवरचे एक छोटे वजन तिने काढून ठेवले आहे. केबल बॅरलच्या कडेने टेपने चिकटवून मध्ये एक सैल वेटोळे सोडले आहे. तसे न करता केबल लोंबकळत ठेवली तर ती प्रत्येक श्वासाला बॅरल खाली ओढते.

लॅपटॉपवर लक्ष्याचा प्रकार, प्रत्यक्ष अंतर पाच मीटर आणि स्पर्धेचे अंतर दहा मीटर भरायचे असते, आणि ते काम दोन मिनिटांत होते. वेळ जातो तो किती आवाजाला शॉट मानायचे ही मर्यादा ठरवण्यात. ट्रिगर सुटल्याचा आवाज सेन्सर ओळखतो आणि त्या क्षणाला शॉट मानतो. ड्राय सरावातली ट्रिगरची टिक फार हलकी असते. मर्यादा कठोर ठेवली तर ती टिक नोंदलीच जात नाही, आणि फार हळवी ठेवली तर गाल दस्त्यावर टेकताच शॉट पडतो. या घरात पाचव्या प्रयत्नाला ती जमली. रेंजवर खरे पेलेट झाडताना ही मर्यादा पुन्हा बदलावी लागेल.

मग मुलगी शांतपणे नेम धरते आणि एक शॉट घेते. तो केंद्रावर होता असे मानून यंत्र आपले शून्य ठरवते. पुढचे पाच शॉट घेऊन ती हे शून्य तपासते, कारण पहिल्याच शॉटमध्ये तिची चूक झाली असेल तर ती चूक सगळ्या नोंदींत उतरेल.

(दृश्य : पडदा. काळ्या वर्तुळावर उतरणारी हिरवी रेषा.)

रायफल वरून खाली उतरते ती रेषा हिरवी असते. शॉटच्या आधीच्या एका सेकंदाला ती पिवळी होते, शेवटच्या दोन दशांश सेकंदांत निळी, आणि ट्रिगर सुटल्यानंतरचा भाग लाल. नवख्या माणसाची नजर गुणांवर जाते. प्रशिक्षक आधी निळी रेषा पाहतात. पिवळी रेषा दहाच्या आत घुटमळते आहे आणि निळी मात्र सरळ उजवीकडे पळाली आहे, असे दिसले तर होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणे, चांगला आहे आणि ट्रिगरवरचे बोट घाई करते आहे. पिवळीच मोठी आणि विस्कटलेली असेल तर दोष पायांत, जॅकेटच्या पट्ट्यांत किंवा श्वासात शोधावा लागतो. लाल रेषा लगेच खाली पडली तर नेमबाजाने शॉट सुटताच रायफल सोडून दिली, म्हणजे फॉलो थ्रू झालाच नाही.

या मुलीच्या पहिल्या वीस शॉटांपैकी बहुतेकांत निळी रेषा खाली उजवीकडे वळलेली आहे. गुण वाईट नाहीत, साडेनऊच्या आसपास आहेत. कागदावर हा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पाहिला असता तर तिने रायफलवरच्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, दोन क्लिक फिरवून तो मध्यावर आणला असता आणि बोटाची घाई तशीच राहिली असती. ती बराच वेळ पडद्याकडे पाहते. मग लॅपटॉप स्वतःपासून दूर वळवून ठेवते आणि पुढचे दहा शॉट न पाहता घेते. हे तिला कोणी सांगितलेले नाही, पण ते अगदी योग्य आहे. प्रत्येक शॉटनंतर पडद्याकडे वळणारी मान शरीराची ठेवण मोडते, आणि स्पर्धेत बॅरलवर असा सेन्सर लावायला परवानगीच नसते.

(दृश्य : वरळी. रेंजची लेन, कागदी लक्ष्य, बॅरलवर तोच सेन्सर.)

रविवारी सेन्सर वरळीला आला आहे. इथे पूर्ण दहा मीटर आहेत आणि रायफलमध्ये खरे पेलेट आहे. पेलेट बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत बॅरल आणखी थोडी हललेली असते, त्यामुळे पडद्यावरचा बिंदू आणि कागदावरचे भोक तंतोतंत जुळत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये एका गुणकाने हा फरक भरून काढता येतो. मुलगी दहा शॉट घेते, वडील प्रत्येक भोक पडद्यावरच्या बिंदूशी ताडून वहीत लिहितात, आणि गुणक दोनदा बदलल्यावर दोन्ही ग्रुप एकमेकांवर बसतात.

अकराव्या शॉटला निळी रेषा पुन्हा उजवीकडे जाते. बाराव्याला मुलगी रायफल खाली घेते, श्वास सोडते आणि नव्याने उभी राहते. वडील वाकून क्लॅम्पच्या कडेची पेन्सिलीची खूण पाहतात. खूण जागेवर आहे.