पूर ओसरल्यावरचे पाच दिवस

शिरोळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा हा व्हरांडा. फळ्याच्या वरच्या कडेला दिसते ती रेघ ऑगस्ट २०१९ च्या महापुराची. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की या पट्ट्यातले पाणी लवकर उतरत नाही. त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटून बाहेर पडू पाहणारी माणसे बुडाली. शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला महामार्ग खुला झाला, तेव्हा आमचे वैद्यकीय पथक पुण्याहून निघाले. हातात पाच दिवस होते.

पेट्यांमध्ये सलाइन आणि टाके घालण्याचे साहित्य भरपूर होते. पहिल्या सकाळी रांगेत आल्या त्या मात्र चिखल्या. घरातला गाळ उपसायला माणसे अनवाणी उतरली होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलवटली होती आणि काहींच्या टाचांच्या भेगांतून रक्त येत होते. पाय धुऊन, कोरडे करून, मलम लावून आम्ही त्यांना परत पाठवत होतो आणि दुपारी ते पुन्हा त्याच गाळात उभे राहणार आहेत, हे आम्हाला माहीत होते. घर साफ करू नका, असे कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी एक आजी पदराच्या गाठीतून औषधाच्या पाकिटाचा कातरलेला तुकडा घेऊन आल्या. "पांढरी गोळी हुती, मधी रेघ हुती बघा. फाइल समदी भिजली." फाइलची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तुकड्यावर नावाची शेवटची अक्षरे तेवढी शिल्लक होती आणि पुढे ५ चा आकडा. आम्ही रक्तदाब मोजला. तो इतका चढलेला होता की आजी चालत आल्या याचेच नवल वाटले. आठ-दहा दिवस गोळी बंद होती. त्यांच्यासारखी माणसे दिवसभर येत राहिली: मधुमेहाचे, फिटचे, दम्याचे रुग्ण, ज्यांची औषधे कपाटासकट वाहून गेली होती. त्यांना जे हवे होते, ते मदतीच्या खोक्यांत क्वचितच सापडले. खोकल्याच्या बाटल्या आणि मुदत संपत आलेले नमुने मात्र ढिगाने आले होते आणि ते निवडण्यात दोन माणसांचा अख्खा दिवस गेला.

खरी काळजी लेप्टोस्पायरोसिसची होती. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यात उतरतात आणि फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात, म्हणजे सकाळी पाहिलेली ती प्रत्येक चिखली त्यांच्यासाठी उघडे दार होती. लागण झाल्यावर ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात. आमचा मुक्काम पाचच दिवसांचा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा द्यायची असते, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती देत नाहीत, म्हणून त्यांची यादी निराळी. पहिली मात्रा आम्ही देऊ शकत होतो. दुसरी देणारे आणि तापाच्या रुग्णाला वेळेवर ओळखणारे हात गावातलेच असायला हवे होते.

म्हणून तिसऱ्या दिवसापासून आमच्यातला एक जण फक्त वही लिहीत बसला. घर, गल्ली, वय, चालू औषधे, गोळी दिल्याची तारीख, पुढची तारीख. रांग लांबत असताना एक डॉक्टर लिहिण्यात अडकवणे काहींना पटले नाही आणि त्यावरून रात्री वादही झाला. आजही मला तोच निर्णय सर्वांत योग्य वाटतो.

शेवटच्या दुपारी ती वही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईंकडे दिली. त्यांचे स्वतःचे घर अजून गाळाने भरलेले होते. त्यांनी उभ्याउभ्याच पाने चाळली, पेन मागितले आणि दोन नावे खोडली. "ही सून आहे, डॉक्टर. सासूचं नाव तेच, पण ती पोटुशी न्हाई, सून आहे. हिला ती गोळी नको." मग पुढच्या सोमवारच्या नावांसमोर त्या एकेक खूण करू लागल्या. आमच्यातल्या एकीने पायातले गमबूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. ते एक नंबर मोठे होते. त्यांनी आत कापड कोंबले, पाय घातले आणि वही काखेत धरून गल्लीत उतरल्या.