सौना, सतरंज्या आणि लायब्ररी: हेलसिंकीत तिथल्या लोकांसारखं राहायचं तर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, हेलसिंकीत, म्हणजे फिनलंडच्या राजधानीत, जे "बघायचं" म्हणतात ते दीड दिवसात संपतं. सेनेट चौकातलं पांढरं कॅथेड्रल, खडकाच्या पोटात बांधलेलं तेम्पेलिआउकिओ चर्च, बंदरावरचा बाजार, झालं. मग लोक मला फोन करून विचारतात की उरलेल्या दिवसांत बोटीने शेजारच्या एस्टोनियातल्या ताल्लिनला जायचं का? जा की, दोन तासांवर आहे, सुंदर गाव आहे. पण मी काही वर्षं हेलसिंकीत राहिलेय आणि मला मनापासून वाटतं की या शहराची खरी मजा ही यादी संपल्यावर सुरू होते.

एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. शहरातली घरं लहान. काल्लिओसारख्या जुन्या कामगार वस्तीत तर एका खोलीचे फ्लॅट भरपूर, आणि शहरातल्या जवळजवळ निम्म्या घरांत एकच माणूस राहतो. मग अंघोळीची ऐसपैस जागा, अभ्यासाची खोली, शिवणाचं मशीन, गालिचे धुवायची जागा, समुद्राकाठची बाग, हे सगळं घरात कुठून आणणार? ते शहरात आहे, सगळ्यांचं मिळून आहे, आणि प्रत्येकजण आपली पाळी आली की वापरतो, वापरून झालं की पुसून ठेवतो. तिथलं रोजचं जगणं म्हणजे हेच, आणि पाहुण्याला त्यात शिरायला कोणीही अडवत नाही.

सौनापासून, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या गरम खोलीपासून, सुरुवात करू, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात तोच प्रश्न असणार हे मला माहितेय. साधारण 55 लाख लोकांच्या देशात 30 लाखांच्या आसपास सौना आहेत. सोसायटीच्या तळघरात सौना असते आणि प्रत्येक कुटुंबाची आठवड्यातली एक वेळ ठरलेली असते, मंगळवारी सात ते आठ म्हणजे सात ते आठ, ती वेळ कोणी सोडत नाही. फिनलंडची सौना संस्कृती 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण तिथल्या आजीबाईंना त्याचं काही विशेष वाटलेलं मी तरी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी ती शनिवारची अंघोळ आहे.

काल्लिओत कोतिहार्यू नावाची सार्वजनिक सौना आहे, 1928 पासूनची, अजून लाकडावर तापते. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. आत कपडे घालत नाहीत. हे ऐकून आपल्याकडच्या बायका एकदम गप्प होतात, म्हणून स्पष्टच सांगते: आत कोणी कोणाकडे बघत नाही. साठीच्या, विशीच्या, जाड, बारीक, ऑपरेशनचे व्रण असलेल्या, सगळ्या बाकांवर बसलेल्या असतात आणि पाच मिनिटांनी तुम्हालाही तुमच्या शरीराचं काही वाटेनासं होतं. मला तर वाटतं आपल्या मुलींनी एकदा तरी हा अनुभव घ्यावा, आरशात बघून बघून मनात जे भरतं ना ते तिथे गळून पडतं. नियम थोडेच आहेत. आधी शॉवर घ्यायचा, बाकावर छोटा टॉवेल घालून त्यावर बसायचं, दगडांवर पाणी टाकण्याआधी बाकीच्यांना विचारायचं, फार गरम झालं तर खालच्या पायरीवर उतरायचं किंवा सरळ बाहेर यायचं, त्यात कमीपणा काही नाही. बाहेर आलात की रस्त्यावरच्या कट्ट्यावर लोक टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफा निघताहेत, हातात बिअर नाहीतर सोडा, असे बसलेले दिसतील, उणे तापमानातसुद्धा. शेजारून ट्रॅफिक चाललेलं असतं.

एवढं नको असेल तर ल्योल्यू किंवा बंदरावरचं आल्लास बघा, दोन्ही 2016 मध्ये सुरू झाली. ल्योल्यूत स्विमसूट घालून स्त्रीपुरुष एकत्र बसतात, आणि तिथल्या शिडीवरून थेट बाल्टिक समुद्रात उतरता येतं. महाग आहे पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपं. आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे सोम्पासौना, काही दोस्तांनी मिळून स्वतःच्या हातांनी उभी केलेली. शहराच्या बांधकामामुळे तिला जागा बदलावी लागली तरी लोकांनी ती टिकवली. तिकीट नाही, काउंटर नाही, लाकूड फोडायचं, भट्टीत घालायचं, पुढच्यासाठी ठेवून जायचं. ज्याला हेलसिंकी समजून घ्यायचीये त्याने तिथे एक संध्याकाळ काढावी.

आता सतरंज्या. जून महिन्यात समुद्राकाठी फिरताना तुम्हाला लाकडी धक्के दिसतील, त्यावर लांब टेबलं, पिळायची मोठी यंत्रं, वाळवायचे दांडे, आणि माणसं गुडघ्यावर बसून ब्रशने खसाखसा गालिचे घासताहेत. हे धक्के शहराने बांधलेत, फुकट आहेत. फिनिश घरात जुने शर्ट, चादरी फाडून त्यांच्या पट्ट्यांचे हातमागावर विणलेले लांब पट्ट्यापट्ट्यांचे गालिचे असतात, आपल्या गोधडीत जसं आजीचं लुगडं ओळखू येतं तसं तिथे कोणीतरी बोट ठेवून सांगतं की ही निळी पट्टी म्हणजे बाबांचा शर्ट. पाइनचा मऊ साबण लावतात, सगळा धक्का त्या वासाने भरून जातो. पूर्वी साबणाचं पाणी सरळ समुद्रात जायचं, हल्ली बऱ्याच ठिकाणी ते गटाराच्या लाइनला जोडलंय. बरं झालं, बाल्टिक आधीच आजारी समुद्र आहे. इथे तुमच्याकडे गालिचा नसला तरी जाऊन बसा. ट्रॅममध्ये शेजारच्याशी एक शब्द न बोलणारी माणसं इथे ओल्या गालिच्याचं दुसरं टोक धरायला तुम्हाला हाक मारतात, आणि मग बोलतात, चांगली अर्धा अर्धा तास बोलतात.

लायब्ररीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. ओदी, 5 डिसेंबर 2018 ला उघडली, म्हणजे फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, आणि बांधली कुठे तर बरोब्बर संसदेच्या समोर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीन, थ्रीडी प्रिंटर, गाण्याचे स्टुडिओ, आणि तिथे एक आजोबा पँटची झिप बदलताहेत, शेजारी कॉलेजची पोरं पोस्टर छापताहेत, असं चाललेलं असतं. पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर, तिथे लहान मुलं जमिनीवर लोळतात आणि त्यांना कोणी "शूऽऽ" करत नाही. आत यायला कार्ड लागत नाही, कोणी "काय काम आहे" विचारत नाही. थंडीत ज्याला जायला दुसरी जागा नाही असा माणूसही तिथे बसलेला असतो, आणि खासदार खिडकीतून ते बघू शकतात. मला ही रचना फार मोठी गोष्ट वाटते. पब्लिकच्या पैशातून काय उभं करायचं याचं इतकं सुंदर उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

खाण्याचं पटकन सांगते. रात्री हॉटेलात जेवणं तिथल्या पगारदार माणसालाही महाग पडतं, म्हणून लोक दुपारी बाहेर जेवतात. कामाच्या दिवशी साधारण साडेदहा-अकरापासून लंच लागतो, बऱ्याच ठिकाणी त्यातच सॅलड, ब्रेड, कॉफी सगळं येतं. दोननंतर गेलात तर संपलं. गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणि नंतर जॅम लावलेला जाड पॅनकेक, ही जुनी रीत अजून पाळतात, शाकाहारी असाल तर सूपमध्ये डुकराचं मांस नाही ना ते विचारून घ्या. हाकानिएमीची बाजाराची इमारत 1914 ची, मोठ्या दुरुस्तीनंतर 2023 मध्ये परत उघडली, तिथे सकाळी कॉफी आणि वेलदोड्याचा बन घेऊन बसा. हो, वेलदोडा, तिथल्या गोड पावात तो घालतातच, आणि परदेशात अचानक तो वास आला की घरचा डबा उघडल्यासारखं होतं.

बेटांवर जा. सुओमेनलिन्नाचा किल्ला 1748 मध्ये स्वीडिश लोकांनी बांधायला घेतला, सगळे पर्यटक जातात, पण तिथे आजही आठशेच्या आसपास माणसं राहतात आणि फेरीला शहराचं नेहमीचं बस-ट्रॅमचं तिकीट चालतं. दुकानातून ब्रेड, चीज, स्ट्रॉबेरी घेऊन जायचं आणि खडकावर पसरायचं, बस. रिकामा कॅन कचऱ्यात टाकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये दिला तर 15 सेंट परत मिळतात, आणि तेवढा वेळ नसेल तर लोक तो डब्याच्या शेजारी ठेवतात, ज्याला गरज आहे तो उचलतो.

कधी जायचं हे सगळेच विचारतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचा यूहान्नुसचा, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाचा, वीकेंड टाळा, अख्खं शहर तळ्याकाठच्या कॉटेजवर गेलेलं असतं आणि तुम्ही बंद दुकानांसमोर उभे राहाल. डिसेंबरात सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनला मावळतो, तेव्हा जाणार असाल तर कोटाला लोंबकळणारा रिफ्लेक्टर पहिल्याच दिवशी विकत घ्या, अंधारात चालणाऱ्याने तो लावायचा असा तिथे 2020 पर्यंत कायदाच होता, आणि 6 तारखेला, स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी खिडक्यांमध्ये दोन दोन मेणबत्त्या लावतात ते बघायला पायी फिरा.

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट. समुद्र अजून पोहण्याइतका बरा असतो, आणि जंगलात ब्लूबेरी संपता संपता लिंगनबेरी लाल व्हायला लागतात. शहराच्या मध्यातून केस्कुस्पुइस्तो नावाचं जंगल जवळजवळ दहा किलोमीटर उत्तरेला जातं, किंवा बसने नुउक्सिओच्या राष्ट्रीय उद्यानात जा. बेरी आणि मशरूम कोणीही तोडू शकतो, जमीन कोणाचीही असो, तुम्ही पाहुणे असलात तरी. कोणाच्या अंगणात शिरायचं नाही, झाडाची फांदी मोडायची नाही, परवानगीशिवाय आग पेटवायची नाही. मशरूम मात्र माहितगार माणूस बरोबर असेल तरच, त्यात विषारीही असतात. बेरीसाठी छोटी बादली पुरते, पायात रबरी बूट घाला, आणि पँट बुटात खोचा कारण गवतात गोचीड असतात.