आरशात काय दिसू नये

मंडळी, मॉड म्हणजे खेळाडूने स्वतः बनवून गेममध्ये घातलेली भर. मोटार शर्यतीच्या गेमसाठी केलेल्या माझ्या पहिल्या मॉडमधल्या गाडीला तीन आरसे होते आणि तिन्ही करड्या रंगाचे होते. मॉडेल करायला मला चार महिने लागले होते. सीटची शिवण होती, स्विचवरची अक्षरं होती, आणि आरशाच्या जागी नुसता पत्रा. एका मित्राने गाडी चालवून पाहिली आणि विचारलं, "हे आरसे आहेत की आरशांची झाकणं?" मला राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी एका रात्रीत आरसे 'चालू' केले. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन शर्यतीत डाव्या आरशात एक गाडी जवळ येताना दिसली. सभ्य माणसासारखा मी तिला वाट द्यायला उजवीकडे सरकलो आणि थेट तिच्यावरच जाऊन आदळलो, कारण ती उजवीकडूनच येत होती. आरसे चालू होते, फक्त उलटे होते.

हे का घडलं, तिथूनच सुरुवात करतो. शाळेत आपण आपतन कोन आणि परावर्तन कोन शिकलो. गेममधल्या आरशाला त्याचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. तिथे प्रकाशाचा किरण कुठेही आपटून परत येत नाही. गाडीवर मागे तोंड करून एक अदृश्य कॅमेरा बसवलेला असतो, तो दिसेल ते दृश्य एका टेक्स्चरवर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्रावर, रंगवतो आणि ते टेक्स्चर आरशाच्या काचेवर चिकटवलं जातं. आता मागे तोंड करून उभे राहा. गाडीची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला आली. कॅमेऱ्याचंही तेच होतं. खऱ्या आरशात मात्र डावीकडची वस्तू डावीकडेच दिसते. म्हणून चित्र काचेवर लावण्यापूर्वी ते आडवं पलटावं लागतं. मी ते पलटलं नव्हतं. आता माझी तपासणी अगदी साधी आहे. मोठा आकडा रंगवलेली एक गाडी मागे उभी करायची. आरशात आकडा सरळ वाचता आला, तर आरसा चुकला. रुग्णवाहिकेवरची अक्षरं उलटी का लिहितात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यापुढे समजावून सांगायला नको.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते 'असेटो कोर्सा' या मोटार शर्यतीच्या गेमवरून सांगतो, कारण मॉड करणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच हात भाजून घेतात. २०१४ साली पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम. त्यात गाडीच्या डेटा फोल्डरमध्ये आरशांची एक छोटी फाइल असते आणि तिच्यात काचेच्या मेशची, म्हणजे मॉडेलच्या त्या सुट्या तुकड्यांची, नावं लिहायची असतात. कॅमेरा कुठे बसवायचा हे गाडीच्या मुख्य फाइलमध्ये तीन आकड्यांत सांगायचं. बस, एवढंच. पण नावात एका अक्षराचा फरक पडला की काच करडीच राहते. काच आणि तिच्याभोवतीची चौकट एकाच मेशमध्ये ठेवली, तर प्लास्टिकच्या चौकटीवरही रस्ता पळायला लागतो. काचेचे नॉर्मल, म्हणजे दर्शनी बाजू कोणती ते सांगणारे बाण, उलट्या दिशेला असले, तर काच नाहीशी होते आणि चौकटीतून दाराची आतली बाजू दिसते. या तिन्ही चुका मी केल्या आहेत, एकाच गाडीत.

खरी मेहनत यूव्हीत आहे, म्हणजे चित्राचा कोणता भाग मेशवर कुठे बसेल ते आखण्यात. मूळ पद्धतीत मागच्या कॅमेऱ्याचं चित्र एकच असतं आणि तिन्ही आरसे ते वाटून घेतात. डाव्या आरशाच्या काचेचा यूव्ही चित्राच्या एका टोकावर, उजव्याचा दुसऱ्या टोकावर आणि मधल्याचा मध्यावर बसवायचा. तिघांचा आकार वेगळा, कल वेगळा. यूव्ही ताणला गेला तर मागची गाडी बुटकी आणि रुंद दिसते, आणि मग चालवणाऱ्याला तिचं अंतर कळत नाही. ब्लेंडर या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम दहा मिनिटांचं वाटतं. प्रत्यक्षात एक संध्याकाळ जाते.

या पद्धतीत एक थाप आहे, आणि ती कळली की पुन्हा डोळ्याआड करता येत नाही. ड्रायव्हरने डोकं हलवलं तरी आरशातलं दृश्य हलत नाही. खऱ्या गाडीत आपण जरा पुढे वाकतो आणि आरशाच्या कडेबाहेर गेलेली गाडी पुन्हा आत येते. ते इथे होत नाही, कारण चित्र कॅमेऱ्याचं आहे, तुमच्या डोळ्याचं नाही. ते हवं असेल तर डोळ्याची जागा आरशाच्या प्रतलापलीकडे परावर्तित करायची, कॅमेरा तिथे ठेवायचा आणि आरशाच्या चौकटीतून खिडकीतून पाहावं तसं पाहायचं. यात दोन भानगडी आहेत. कॅमेरा आणि काच यांच्यामध्ये आरशाची पाठ आणि दाराचा पत्रा येतो, म्हणून काचेच्या अलीकडचं सगळं कापून टाकावं लागतं. दुसरं, मॉडेल ज्या छोट्या त्रिकोणांचं बनतं, त्यांची पुढची बाजू कोपऱ्यांच्या फिरण्याच्या दिशेवरून ठरते, आणि परावर्तनाने ती दिशा उलटते. ती सरळ करायची विसरलात, तर मागच्या गाड्या उलट्या केलेल्या मोज्यासारख्या दिसतात, आतली बाजू बाहेर. 'कस्टम शेडर्स पॅच' या खेळाडूंनीच वाढवलेल्या पुरवणीमुळे असेटो कोर्सात प्रत्येक आरसा स्वतंत्रपणे फिरवण्याची सोय आली, आणि मॉड करणाऱ्यांचं अर्धं रडगाणं थांबलं.

अर्धंच, कारण उरलेलं वक्रतेचं आहे. खऱ्या मोटारीचे बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियमन क्रमांक ४६ सांगतो की बाहेरच्या मुख्य आरशाची वक्रता त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. हा आकडा घेऊन गणित करू. नाभीय अंतर त्रिज्येच्या निम्मं, म्हणजे ०.६ मीटर. गाडी २० मीटर मागे आहे, रुंदी १.८ मीटर. तिची आभासी प्रतिमा काचेच्या मागे साधारण ५८ सेंटिमीटरवर पडते आणि जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद असते. डोळा आरशापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर ही गाडी सपाट आरशात दिसली असती त्याच्या निम्म्याहून थोडी लहान दिसते. म्हणजे २० मीटरवरची गाडी ४४ मीटरवर असल्यासारखी भासते! आता मॉडमध्ये तुम्ही सपाट आरसा लावला, तर मागची गाडी दुपटीहून मोठी दिसणार आणि खेळाडू उगाच घाबरून वाट देत राहणार. कॅमेऱ्याच्या दृश्याचा कोन रुंद करून बहिर्वक्र आरशाच्या जवळ जाता येतं. पण रुंद कॅमेरा कडांना चित्र ताणतो आणि बहिर्वक्र आरसा कडांना ते दाबतो. पारखी नजरेला हा फरक लगेच खुपतो.

खर्चाचं, म्हणजे संगणकाच्या वेळेचं, लवकर उरकतो. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. व्हीआर हेडसेटमध्ये ९० फ्रेमला ११.१. तेवढ्यात प्रत्येक स्वतंत्र आरशासाठी देखावा पुन्हा रंगवायचा. मग काटकसर आली. आरशाचं चित्र एक फ्रेम सोडून रंगवलं तरी चालतं. मागची गाडी सेकंदाला २० मीटरने जवळ येत असली, तरी दोन चित्रांमध्ये ती ६७ सेंटिमीटरच सरकते. आरशात झाडं साधी केली, प्रेक्षक गाळले, तरी कुणी तक्रार करत नाही. पण दृश्याचं अंतर तोडू नका. आरशात १०० मीटरपलीकडचं काहीच दिसत नसेल आणि वरच्या, जास्त वेगवान वर्गातली गाडी सेकंदाला ४० मीटरने जवळ येत असेल, तर ती आरशात उगवल्यापासून अडीच सेकंदांत तुमच्या डिकीला टेकते. सहनशक्तीच्या शर्यतीत हळू गाडी चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष आरशातच असतं. त्याची फसवणूक झाली, तर ती आपण केलेली असते.

स्वतःची गाडी आरशात दाखवायची की नाही, हाही वाद चालतो. ती गाळली की काम हलकं होतं. माझं मत उलटं आहे. आरशाच्या आतल्या कडेला आपल्याच गाडीचा बोटभर पत्रा दिसला, तरच मागची गाडी आपल्या रेषेत आहे की बाजूला, हे कळतं. तो नसेल तर आरशात नुसता रस्ता तरंगत राहतो.

आता थोडा इतिहास, कारण मॉडचा एक मोठा मोह त्यातून सुटतो. १९११ सालची इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली ५०० मैलांची मोटार शर्यत, आणि ती पहिलीच. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागे कोण आहे ते सांगायचा. रे हॅरून एकटाच निघाला. इतरांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने आपल्या मार्मन वास्प या गाडीवर एक आरसा बसवला, आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगितलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरायचा की त्यात काही धड दिसत नसे. फॉर्म्युला वनमध्येही आरसे पुरत नाहीत ही जुनी तक्रार आहे. २०२३ साली त्यांची रुंदी १५० मिलिमीटरवरून २०० केली गेली. म्हणजे आजचं यंत्रही मागचं नीट पाहू शकत नव्हतं. असं असताना १९६० च्या दशकातल्या गाडीच्या मॉडला आपण वाटीएवढे गोल आरसे लावायचे आणि त्यांत स्वच्छ, स्थिर, काठोकाठ चित्र भरायचं? ज्याला सगळं दिसायला हवं, त्याच्यासाठी असेटो कोर्सात कीबोर्डवरची एफ ११ ही कळ दाबली की पडद्यावर वेगळा आभासी आरसा येतो. ती त्याची सोय. गाडीवरचा आरसा गाडीचाच राहू द्या.

म्हणून आता मी आरसा तपासतो तो काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते पाहून. गाडी सरळ रस्त्यावर उभी करतो. दुसरी गाडी मागून अगदी हळू शेजारी आणतो. आरशातून ती नेमकी कुठे निसटते आणि बाजूच्या खिडकीत कुठे उगवते, ते दोन्ही बिंदू लिहून ठेवतो. मधला पट्टा म्हणजे आंधळी जागा. ती खऱ्या गाडीत असते, तर मॉडमध्येही हवी. गेल्या वर्षी एका जुन्या गाडीच्या मॉडवर तक्रार आली: उजव्या आरशात निम्मा वेळ ड्रायव्हरचा खांदाच दिसतो. मी खऱ्या गाडीची छायाचित्रं काढून बसलो, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून रेषा आखल्या, कोन मोजले. खांदाच दिसत होता. आरसा मी तसाच ठेवला. तक्रार करणारा अजून ती गाडी चालवतो, फक्त उजवीकडे वळण्याआधी आता मान वळवून बघतो.