टिटवीची चार अंडी आणि माझा कॅमेरा

नमस्कार मंडळी, मी नाशिकचाच, गेली काही वर्षं कॅमेरा खांद्यावर टाकून पक्ष्या-प्राण्यांच्या मागे फिरतोय. आज एका टिटवीबद्दल बोलायचंय, कारण तिचं मी एकदा वाईट केलंय आणि ते मनातून जात नाही.

एप्रिल होता, नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात ना, तिथून थोडं पुढं एक नांगरून पडलेलं रान. टिटवी घरटं असं काही बांधतच नाही, ढेकळात जराशी जागा करते, चार खडे गोळा करते आणि तिथंच अंडी घालते, मातकट, काळ्या ठिपक्यांची, पायाखाली येईस्तोवर दिसायची नाहीत. मला चार अंडी दिसली आणि मी दहा-बारा फुटांवर ट्रायपॉड लावून बसलो. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडतेय, मधेच खाली उतरून पंख मोडल्यासारखी फरफटत चाललीये, मला वाटलं काय भारी फुटेज मिळतंय! रात्री घरी लॅपटॉपवर आवाज लावून बघितलं तेव्हा कळलं की अरे, ही मला हाकलतेय, आणि तेवढा सगळा वेळ अंडी उन्हात उघडी पडलीत. उन्हाळ्यात टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी गार राहावीत म्हणून. त्या दुपारी तिचं ते काम मी बंद पाडलं होतं.

खरं तर थांबून शूट करणं आपल्या मातीतलंच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक-एक फ्रेम घेत महिन्याभराहून जास्त काळ त्याचं रोप होताना टिपलं. अंकुराला कोण घाई करणार हो?

आणि दुसरीकडं बघा, १९५८ ची डिस्नेची 'व्हाइट विल्डरनेस', ऑस्कर मिळालेली डॉक्युमेंटरी. लेमिंग म्हणजे उंदरासारखा छोटासा प्राणी, तो कळपानं समुद्रात उड्या टाकून जीव देतो असं त्यात दाखवलंय. शूटिंग झालं कॅनडाच्या अल्बर्टात, जिथं समुद्रच नाही, लेमिंग विकत आणलेले, बर्फ पसरलेल्या फिरत्या टेबलावर पळवलेले आणि कड्यावरून नदीत ढकललेले! १९८२ मध्ये कॅनडाच्या टीव्हीनं हे बाहेर काढलं, तरी लेमिंग आत्महत्या करतात असं मानणारी माणसं आजही भेटतात. मेलेल्या प्राण्यांचं दुःख आहेच, पण एका अख्ख्या जातीबद्दल खोटं पसरलं त्याचा मला जास्त राग येतो.

आता आपल्याकडं हातात मोबाईल असलेला प्रत्येकजण फिल्ममेकर झालाय. निफाड, सिन्नरकडं ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, मांजरीएवढी, आणि लगेच कोण उचलून घेतंय, कोण व्हिडिओ काढतंय, गावभर फिरवतात. अहो, मादी बहुतेक वेळा जवळच उसात दबून असते, अंधार पडायची वाट बघत. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, ट्रॅप कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप चालू होणारा कॅमेरा, लावतात आणि सगळ्यांना लांब काढतात, मग रात्री ती येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. त्या कॅमेऱ्यातलं चित्र करडं, अंधुक असतं, मला विचाराल तर त्याच्याइतकं सुंदर फुटेज नाही. तेव्हा पिल्लं दिसली तर हात लावू नका, माणसं बाजूला करा आणि वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, एक नऊ दोन सहा. आणि व्हिडिओ टाकलाच तर जागेचं नाव टाकू नका, नाहीतर रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते.

पुढच्या वर्षी मी परत त्याच भागात गेलो. यावेळी गाडी रस्त्यावरच उभी केली, काच थोडी खाली घेतली, खाली उतरलोच नाही. टिटवी एकदाही ओरडली नाही. थोड्या वेळानं पाण्याकडून चालत आली, अंड्यांपाशी थांबली, अंग जरा हलवलं आणि हळूच बसली, आणि तिच्या पोटाच्या पिसांतून पाणी ठिबकत होतं.