प्रश्नाला व्हिप लागत नाही

नमस्कार मंडळी. विषय जरा कोरडा आहे हे मला मान्य आहे, टॅक्स, बजेट, उपकर म्हटलं की अर्धा हॉल मोबाईल काढतो, पण आज मी बजेटवर बोलणारच नाहीये, मी बोलणारे ते बजेटवर प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे आपला आमदार किंवा खासदार, ज्याला आपण निवडून देतो आणि मग पाच वर्षं फक्त टीव्हीवर बाकं वाजवताना बघतो.

सरकारला पैशाबद्दल घाम फोडणारा प्रश्न बहुतेक वेळा ओरडून विचारलेला नसतोच. तो पंधरा दिवस आधी लेखी दिलेला असतो, दीडशे शब्दांच्या आत असतो, वाचायला अत्यंत रटाळ असतो. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न लागतात, तारांकित म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरं नुसती कागदावर येतात. त्या २० पैकी तासाभरात पाच-सहाच होतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली की झालं. आपल्या विधानमंडळातही तसंच, तिथली भाषा तर पाठच होते थोडे दिवस वाचलं की, "हे खरे आहे काय?", उत्तर "हे अंशतः खरे आहे", पुढे "असल्यास कोणती कार्यवाही केली?", उत्तर "प्रश्न उद्भवत नाही". हसू नका, अंशतः खरे आहे हे फार कामाचं उत्तर असतं, कारण कुठला अंश खरा तेवढंच उपप्रश्नात विचारायचं असतं.

आता पेट्रोलचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२१ च्या कपातीपर्यंत केंद्राचा पेट्रोलवरचा कर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होता. खासदाराने विचारलं की पेट्रोलवर केंद्राचा कर किती, तर हा आकडा मिळतो, आणि सोबत मंत्री महोदय न चुकता सांगतात की राज्यंसुद्धा व्हॅट लावतात हो. विषय संपला. पण जर त्याने असं विचारलं की या ३२.९० मध्ये मूळ उत्पादन शुल्क किती, विशेष अतिरिक्त शुल्क किती, रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर (उपकर म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी म्हणून गोळा केलेला कर) किती, कृषी उपकर किती, तर उत्तर येतं १ रुपया ४० पैसे, ११ रुपये, १८ रुपये आणि अडीच रुपये. आणि राज्यांबरोबर वाटून घ्यायचा असतो तो फक्त मूळ शुल्काचा भाग, म्हणजे ते १ रुपया ४० पैसे! केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला असं आपण सगळीकडे वाचतो आणि खरंच दिलाय, पण तो ४१ टक्के कशाचा, तर वाटपयोग्य रकमेचा, आणि उपकर आणि अधिभार, म्हणजे करावर लावलेला जादा कर, त्या रकमेत धरतच नाहीत, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे. त्यामुळे केंद्राने कर वाढवला की उपकर वाढवला हा फरक पंपावर उभ्या माणसाला शून्य, पण राज्याच्या तिजोरीला प्रचंड. एकच विषय, एकच मंत्री, फक्त प्रश्न नीट तोडून विचारला तर उत्तरातून वेगळीच गोष्ट बाहेर येते.

अर्थात याच्यात राज्यं काही फार सोवळी नाहीत. दिल्लीत विचारलं की राज्यांचा व्हॅट दाखवतात आणि राज्यात विचारलं की केंद्राचे उपकर दाखवतात, हे सगळ्याच पक्षांनी केलंय, खुर्ची बदलली की बोट बदलतं.

बरं उपकर गोळा केला, ज्या कामासाठी गोळा केला त्या कामाला गेला का? हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते हा पहिल्यापेक्षा जास्त टोचणारा आहे. कॅगने, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१८-१९ च्या हिशोबात लिहून ठेवलंय की ३५ प्रकारचे उपकर आणि इतर आकारण्या मिळून २ लाख ७४ हजार ५९२ कोटी जमले, त्यातले ठरलेल्या राखीव निधींमध्ये गेले १ लाख ६४ हजार ३२२ कोटी, उरलेले केंद्राच्या संचित निधीतच, म्हणजे सर्वसाधारण तिजोरीतच, राहिले. आता हा अहवाल काही गुप्त नाही, संसदेत ठेवलेला आहे. पण अहवाल आपोआप बोलत नाही ना, कोणीतरी त्यातलं पान उघडून विचारावं लागतं की अमुक उपकराचे उरलेले पैसे कधी वर्ग करणार, तारीख सांगा. मंत्र्याने सभागृहात "करू" म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं, त्यासाठी वेगळी समिती आहे, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असा नियम आहे. मुदतवाढ मागतात ती गोष्ट वेगळी, पण निदान मागावी तरी लागते.

कर्ज राइट-ऑफचं, म्हणजे थकलेलं कर्ज बँकेने आपल्या वहीतून काढून टाकण्याचं, पण असंच. २०२३ मध्ये सरकारने लेखी उत्तर दिलं की २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १४.५६ लाख कोटी राइट-ऑफ केले. झालं, विरोधक म्हणाले माफ केले, सरकार म्हणालं माफ नाही, वही साफ केली, वसुली चालू आहे. दोघंही आपल्या सोयीचं बोलत होते. राइट-ऑफ म्हणजे माफी नाही हे सरकारचं म्हणणं बरोबरच आहे, पण मग वसुली किती झाली विचारलं तर आकडा साधारण २ लाख कोटींच्या आसपासचा. म्हणजे माफी नाही हे खरं आणि पैसे परत आले हे फारसं खरं नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी आणायला भाषण लागत नाही, प्रश्नाचा (अ) आणि (ब) भाग लागतो.

आता मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय तो. फिरोज गांधी. रायबरेलीचे खासदार, काँग्रेसचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे, वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. आयुर्विम्याचा धंदा सरकारने जानेवारी १९५६ मध्ये ताब्यात घेतला तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते (त्यांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय), आणि त्याआधी खाजगी विमा कंपन्यांचे घोटाळे सभागृहात मांडण्यात हेच फिरोज गांधी पुढे होते. म्हणजे एलआयसी व्हावी म्हणून भांडणाऱ्यांपैकी हा माणूस. आणि एलआयसी होऊन वर्ष होत नाही तोच जून १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले, सव्वा कोटीहून जास्त रकमेचे. मुंदडा तेव्हा अडचणीत होता, आणि एलआयसीच्या गुंतवणूक समितीला विचारलंसुद्धा नव्हतं.

विषय आधी प्रश्नोत्तरांत आला, सरकारने गुळमुळीत उत्तरं दिली. इथे दुसरा कोणी असता तर चिडून बसला असता. फिरोज गांधींनी ती उत्तरंच हातात धरली, आणि १६ डिसेंबर १९५७ ला लोकसभेत उभे राहिले ते बाजारभाव घेऊन, खरेदीच्या आधीच्या दिवसांत या शेअरचे भाव कसे वर सरकत गेले आणि एलआयसीने कुठल्या भावाने घेतले. शेअर बाजाराचे भाव छापलेले असतात, त्यांना नाही कसं म्हणणार? सरकारला चौकशी नेमावी लागली, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांची एकसदस्यीय. सुनावणी सगळ्यांसमोर, गर्दी इतकी की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आलासुद्धा! आजच्या आयोगांची मुदतवाढ बघणाऱ्या माणसाला हे खोटं वाटेल. अर्थसचिवांनी केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच असं छागलांनी म्हटलं, तेव्हाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला, आणि त्या वर्षीचं बजेट नेहरूंना स्वतः मांडावं लागलं. जावयाने आणलेली वेळ.

आता कोणी म्हणेल तो काळ वेगळा होता. होता की. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता, तो १९८५ ला आला. आज खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान असेल तर व्हिप निघतो, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा पक्षाचा आदेश, तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि कपात सूचना, म्हणजे मागणीतली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वासच उडाला असं धरतात म्हणून सत्ताधारी सदस्य तिच्या बाजूला जात नाही. आणि मतदानापर्यंत चर्चा तरी होते का? २०१८ ला लोकसभेत एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता सगळ्या मागण्या गिलोटिनने, म्हणजे चर्चेशिवाय थेट मताला टाकून, एकदम मंजूर झाल्या, वित्त विधेयकही त्याच गोंधळात निघालं. सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्के केला, सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा फरक, तो वटहुकमाने केला, कारण अधिवेशन चालू नव्हतं. निर्णय चांगला की वाईट यावर अर्थतज्ज्ञ भांडतील, पण इतक्या पैशावर सदस्यांनी तोंड उघडलं ते निर्णय लागू झाल्यावर, डिसेंबरमध्ये विधेयक चर्चेला आलं तेव्हा.

पण प्रश्नाला व्हिप लागत नाही. प्रश्न म्हणजे मत नाही, त्याच्यामुळे सदस्यत्व जात नाही, सत्ताधारी बाकावरचा माणूसही आपल्याच अर्थमंत्र्याला विचारू शकतो की हा उपकर कुठे गेला. कायद्याने त्याला कोणी अडवलेलं नाही. मग तो का विचारत नाही, तर तिकीट. आणि दुसरं, जे कमी बोललं जातं, त्याच्याकडे कॅगचा अहवाल वाचून प्रश्न लिहून देणारा माणूस नसतो, पत्रं लिहिणारा असतो, लग्नांच्या तारखा सांभाळणारा असतो. सत्ताधारी सदस्यांचे प्रश्न काढून बघा कधी, संसदेच्या वेबसाइटवर सगळे आहेत, त्यात अमुक योजनेचा लाभ किती लोकांना झाला आणि ती आणखी वाढवणार का, असलेच किती निघतात ते मोजा. मंत्र्याला ते उत्तर वाचताना चष्मासुद्धा लागत नाही.